फोड सासवडला दिसतात, पण होतात त्याच्या आधीच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी आपल्या पेपरात माउलींच्या आणि तुकोबांच्या पालखीचं वेळापत्रक येतं. कुठल्या दिवशी कुठला मुक्काम, रिंगण कुठे, कुठले रस्ते बंद, टँकर किती, फिरते दवाखाने किती, सगळं असतं. आम्ही सासवडकर ते कापून भिंतीला लावतो आणि पालखी पुढे गेली तरी महिनाभर तसंच राहतं ते. पण त्यात एक गोष्ट कधीच नसते, माणसाने पायात काय घालावं आणि पाय कसे सांभाळावेत. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालायचं, तेही ऐन पावसाच्या तोंडावर, आणि ज्या पायांवर सगळी भिस्त त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय, पण शक्य असेल तर न कापता छापा ही विनंती.

सासवडला माउलींचा मुक्काम असतो तेव्हा आमच्या आळीतले आम्ही सगळे मिळून ड्रेसिंगचं टेबल मांडतो. एक डॉक्टर असतात, बाकी आम्ही हाताखाली, कुणी पाणी गरम करतं, कुणी कापूस-बँडेज बघतं, मी बायकांच्या रांगेला बसते. पुणे ते सासवड हा वारीतला सगळ्यात मोठा टप्पा, तीसेक किलोमीटरचा, आणि त्यात शेवटी दिवे घाट, म्हणजे पाय आधीच थकलेले असताना चढ. संध्याकाळी रांग लागते ती रात्री उशिरापर्यंत हटत नाही. टाचेला फोड, करंगळीला फोड, तळव्याच्या पुढच्या चवड्याला रुपयाएवढा फोड, अंगठ्याचं नख काळंनिळं, बोटांच्या बेचक्यात सोलवटलेलं. लोक म्हणतात घाटाने पाय गेले. घाटाचा वाटा आहेच, पण बहुतेक फोड हडपसरच्या आसपास सकाळच्या पहिल्या दोन-तीन तासांतच धरलेले असतात, वडकी नाल्याच्या विसाव्यापर्यंत त्यात पाणी भरतं आणि घाट चढून इथे येईपर्यंत ते फुटतात.

फोड होतो कसा हे एकदा नीट समजलं ना की पुढचं सगळं आपोआप समजतं. पायाला घाम येतो, मोजा किंवा चपलेचा पट्टा कातडीला चिकटतो, कातडी वरच्या वर तिथेच राहते आणि आतलं हाड प्रत्येक पावलाला मागेपुढे सरकतं. वरची कातडी एकीकडे आणि आतला पाय दुसरीकडे असं हजारो वेळा झालं की कातडीचे पापुद्रे आतल्या आत सुटतात आणि मधल्या पोकळीत पाणी जमतं. कोरडी कातडी कमी घासते, ओली जास्त, म्हणून पावसात फोड जास्त येतात. फोड यायच्या आधी ती जागा गरम लागायला लागते, चटका बसल्यासारखी. तेवढी पाच-दहा मिनिटं हातात असतात. त्याच वेळी बाजूला होऊन बूट काढला, पाय पुसला, मोजा सरळ केला, खडा झटकला, तिथे पट्टी लावली तर फोड टळतो. पण आपली माणसं काय करतात, पुढच्या विसाव्याला बघू म्हणतात. दिंडी थांबत नाही हे मला कळतं, अभंग चालू असतो, मागून रेटा असतो, आपण मागे पडू अशी भीती असते. पण प्रत्येक दिंडीला नंबर असतो, रथापुढे की रथामागे ते पाठ असतं, पाच मिनिटं बाजूला बसलं तर दिंडी हरवत नाही, परत गाठता येते. हे दिंडीप्रमुखांनीच पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगायला हवं, म्हणजे थांबणाऱ्याला संकोच वाटणार नाही.

आता पट्टीबद्दल. मेडिकलमध्ये कागदी चिकटपट्टी मिळते, आपण सगळे तिला मायक्रोपोर म्हणतो, सलाइनची सुई धरून ठेवायला लावतात तीच. स्वस्त असते. 2016 साली परदेशात एक अभ्यास प्रसिद्ध झाला, वाळवंटातून टप्प्याटप्प्याने धावत जायच्या शर्यतीतल्या 128 जणांवर केलेला, आणि त्या शर्यतीचं अंतरसुद्धा अडीचशे किलोमीटरच होतं. ज्या जागी ही साधी कागदी पट्टी आधीच लावलेली होती तिथे फोड चाळीस टक्क्यांनी कमी आले. म्हणजे सकाळी निघायच्या आधी, पाय कोरडा असताना, टाचेला आणि जिथे नेहमी लागतं तिथे एक पदर पट्टी, सुरकुती न पडता, कडा दाबून. बस. फोड फुटल्यावर मात्र ही पट्टी थेट त्यावर लावायची नाही, काढताना वरचं कातडं घेऊन येते. आधी गॉज, मग पट्टी. आणि काढताना ओढायची नाही, तेलाचं बोट लावून हळूहळू सोडवायची.

बरेच जण व्हॅसलीन नाहीतर खोबरेल चोळून निघतात. त्याने सुरुवातीला बरं वाटतं, पण तासाभरात ते जिरतं आणि मग वर धूळ बसून पाय जास्तच घासतो. लावायचंच तर दर विसाव्याला पुसून परत लावा, नाहीतर लावू नका. रात्री मात्र तेल पाहिजेच. टाचांच्या भेगांना कोकणातलं कोकमाचं तेल, मुठेल म्हणतात ते, गरम करून भरलं की सकाळपर्यंत फरक पडतो, आमच्याकडे एक ताई दरवर्षी घेऊन येतात. आणि काशाच्या वाटीने तळवे घासले की झोप लागते हे तर आजीच्या काळापासून माहीत आहे. फक्त फुटलेल्या फोडावर आणि ओल्या जखमेवर तेल-तूप काही नको.

फोड आलाच तर छोटा असेल, दुखत नसेल, तर फोडायचा नाही. वरचं कातडं हेच सगळ्यात चांगलं ड्रेसिंग आहे. मोठा असेल आणि त्यावर पाय टेकवतच नसेल तर जिथे ड्रेसिंगची सोय आहे तिथे या, निर्जंतुक सुईने कडेला छेद देऊन पाणी काढतात, कातडं जागेवरच ठेवतात. लोक काय करतात, साडीची पिन नाहीतर काटा घेतात आणि कातडंच ओढून काढतात, मग खालचा लालभडक भाग उघडा पडतो आणि त्यावर हळद, तंबाखू, बिडीची राख, जे हाताला लागेल ते. कृपा करून करू नका हो. लाली वर चढत चालली, पू आला, ताप आला किंवा जांघेत अवधाण म्हणजे दुखरी गाठ आली तर त्या दिवशी चालणं बंद आणि सरळ दवाखान्यात. गाडीतून पुढच्या मुक्कामाला गेल्याने वारी मोडत नाही.

आता मूळ मुद्दा, पायात काय घालायचं. पुण्याहून एक दिवसासाठी खूप तरुण मुलंमुली येतात, ऑफिसच्या ग्रुपने येतात, मला त्यांचं फार कौतुक वाटतं. पण निम्म्या जणांच्या पायात वारीसाठी म्हणून आदल्या आठवड्यात घेतलेले कोरे शूज असतात. नवा जोडा चावतो हे काय नवीन सांगायचं? त्याला निदान महिनाभर रोज घालून पायाची सवय लावावी लागते, आधी घरातल्या घरात, मग बाजारापर्यंत, मग पाच-सहा किलोमीटर. आणि घ्यायचाच तर संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय सुजून थोडा मोठा होतो, सकाळी बरोबर बसलेला बूट दुपारी आवळतो. मोजे घालून बघा, उभं राहून बघा, पुढे अंगठ्याएवढी जागा पाहिजे, टाच मात्र उचलता कामा नये. पुढे जागा नसेल तर उतारावर नखं पुढे आदळतात, काळी पडतात आणि महिन्याभराने गळतात. नखं निघायच्या दोन-तीन दिवस आधी सरळ रेषेत कापा, कोपरे खोल काढू नका, तिथे नख आत रुततं.

सुती मोजे चांगले असा आपला समज आहे, पण सुती मोजा घाम पिऊन बसतो आणि लवकर वाळत नाही. खेळाडूंचे पातळ सिंथेटिक मोजे मिळतात ते बरे. आत एक पातळ आणि वर एक जाड असे दोन घातले की घासणं दोन मोज्यांच्या मध्येच होतं, कातडीपर्यंत येत नाही. पण बुटात तेवढी जागा असली तरच, नाहीतर उलट आवळतं. मोज्याची शिवण बोटांवर येणार नाही ते बघा. दुपारच्या विसाव्याला बूट-मोजे काढून पाय उघडे ठेवायचे, पाय पिशवीवर उंच ठेवून पडायचं आणि निघताना दुसरी कोरडी जोडी घालायची. ओली जोडी पिशवीला बाहेरून पिनांनी टांगली की चालता चालता वाळते.

गावाकडून येणारी मंडळी मुख्यतः चपलेतच चालतात आणि मी त्यांना बूट घ्या असं सांगणार नाही. पंचवीस वर्षं वहाणेत चाललेल्या पायाला वहाणच बरी. पण चांगली वापरातली, टाचेला मागे पट्टा असलेली. बिनपट्ट्याची स्लिपर पायात राहावी म्हणून बोटांनी सतत पकडून चालावं लागतं, त्याने पोटऱ्यांना गोळे येतात आणि संध्याकाळी माणूस म्हणतो पाय भरून आले. शिवाय ओल्या डांबरावर ती घसरते. कोल्हापुरी ही सुंदर वस्तू आहे, पण झाडाच्या सालीच्या पाण्यात कमावलेलं चामडं, चार दिवस पावसात भिजलं की फुगतं आणि थर सुटतात. नवीन कोल्हापुरी घालून तर कुणी वारीला निघूच नये, तिला आधी तेल देऊन पायात मुरवावी लागते. सरींमध्ये रबरी सोलची पट्ट्याची सँडल बरी, पाणी येतं तसं निघून जातं.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट कुणीच लिहीत नाही, ती म्हणजे जोडवी. दिवसभर चालून बोटं सुजतात, जोडवं आवळतं, शेजारच्या बोटाला घासतं आणि बेचक्यात जखम होते. गेल्या खेपेला परभणीकडच्या एक आजी आल्या होत्या, डोक्यावर तुळस घेऊन आळंदीहून चाललेल्या, दुसऱ्या बोटाला जोडव्याखाली एवढं सुजलेलं की जोडवं दिसेनासं झालं होतं, वर लुगड्याची चिंधी करकचून बांधलेली. "काढू नको ग माउली," एवढंच म्हणत होत्या. साबणाचं पाणी आणि बारीक दोरा बोटाला गुंडाळून हळूहळू सरकवत काढलं, अर्धा तास गेला, मग ते त्यांच्या पदराच्या गाठीत बांधून दिलं आणि ते सौभाग्याचं लेणं आहे, अंगावरच आहे, पायातून फक्त पदरात आलंय असं सांगितलं तेव्हा कुठे त्या हसल्या. ज्यांना काढणं मनाला पटत नाही त्यांनी निघण्याआधी सैल, पातळ, नक्षी नसलेली जोडवी घालावी, खड्याची आणि कोरीव कामाची घरी ठेवावी. सोनाराकडे दहा मिनिटांचं काम आहे.

पाऊस लागला की दुसरा त्रास, चिखल्या. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, खाज येते, मग चिरते आणि वास येतो. कारण एकच, पाय दिवसरात्र ओला. नीरेच्या स्नानाला नदीत उतरताना मोजे-बूट काढून उतरा, आणि बाहेर आल्यावर बेचक्या कोरड्या पंचाने नीट पुसून मगच घाला. मुक्कामाला पोचल्यावर पाय धुवायचे, दहा मिनिटं कोमट मीठपाण्यात ठेवायचे, मग पुसून उघडे ठेवायचे. सकाळी निघताना मात्र पाय पाण्यात भिजवू नका, भिजलेली मऊ कातडी तासाभरात सोलते. बुरशीचं मलम डॉक्टरांनी दिलं असेल तर ते दोन दिवस लावून सोडून द्यायचं नसतं, बरं वाटल्यावरही सांगितलेले दिवस पुरे करायचे.

आणि बूट वाळवणं. राहुटीत रात्री चुलीजवळ बुटांची रांग लागलेली असते, हे बघितलं की जीव तुटतो. चुलीच्या आचेने सोलचं सोल्यूशन सुटतं, चामडं कडक होऊन तडकतं आणि दुसऱ्या दिवशी तोच कडक बूट पाय कापतो. आतली गादी बाहेर काढा, नाडी सैल करून जीभ पुढे ओढा आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने ओले बोळे काढून कोरडे घाला, झोपायच्या आधी अजून एकदा. सकाळपर्यंत बूट घालण्यासारखा होतो. दिंडीच्या ट्रकमध्ये रद्दीचा एक गठ्ठा टाकून ठेवला तर शंभर माणसांची सोय होते. चिखल ओला असतानाच पाण्याने काढा, वाळला की शिवणीत बसतो आणि दोरा कुजवतो.

अजून एक सांगते, कारण घाटात दरवर्षी कुणाच्या तरी बुटाचा अख्खा तळ सुटून हातात येतो आणि ते बूट जवळजवळ नवेच दिसतात. पाच-सहा वर्षांपूर्वी घेतलेले, दोनदा घातलेले आणि मग कपाटात ठेवलेले. आपल्याला वाटतं वापरले नाहीत म्हणजे चांगले राहिले. पण अनेक बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा फेस असतो, तो हवेतल्या ओलाव्याने आतल्या आत सडत जातो आणि नुसता पडून राहिला की भुगा व्हायला लागतो. वरून कळत नाही. म्हणून जुना बूट बाहेर काढला की आधी तळ अंगठ्याने दाबा, दुमडून बघा, चिरा किंवा भुकटी दिसली तर तो जोडा वारीला नको. नुसती चिकटवण सुटत असेल तर घरी असतानाच कडेने शिलाई मारून घ्या.

अनवाणी चालणाऱ्यांबद्दल मी फार आदराने लिहिते. ज्याचा नेम आहे त्याला मी काय सांगणार. पण ज्यांना साखर आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय अनवाणी चालू नये ही हात जोडून विनंती. साखरेने पायाची संवेदना जाते, काच घुसली तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही. टेबलावर एक काका आले होते, पाय दाखवायला नव्हे, बीपी बघायला. सहज तळवा बघितला तर चपलेची चूक, म्हणजे बारीक खिळा, तळातून वर येऊन मांसात गेलेली, सकाळपासून तशीच, आणि त्यांना पत्ता नाही. साखर असलेल्यांनी रोज रात्री दोन्ही तळवे दुसऱ्याकडून बघून घ्यावेत किंवा आरशात बघावेत, बुटात हात घालून आत काही टोचत नाही ना ते तपासूनच पाय घालावा, आणि गरम पाण्यात पाय टाकण्याआधी कोपराने पाणी बघावं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय तेही घरूनच आठवून निघावं.

लांबून येणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. मराठवाडा-विदर्भातली मंडळी रात्रभर एसटीत किंवा रेल्वेच्या जनरल डब्यात पाय लोंबकळत ठेवून आळंदीला पोचतात, घोटे सुजलेले असतात आणि त्याच पायांनी दुसऱ्या दिवशी चालायला लागतात. प्रवासात नाडी सैल ठेवा, दर अर्ध्या तासाने घोटे गोल फिरवा, टाचा उचला-टेका, जमेल तसं गाडीत उठून उभं राहा. एक दिवस आधी पोचून रात्री पाय उंचावर ठेवून झोपता आलं तर फारच छान. शेगावहून गजानन महाराजांची पालखी सातशे किलोमीटरच्या आसपास चालत येते, त्यांची शिस्त सगळ्यांना माहीत आहे, त्यांच्या जुन्या वारकऱ्यांचे पाय बघा, नखं कापलेली, तळवे कोरडे. ते कुठून आलं? रोज संध्याकाळी पायांकडे बघायची सवय, दुसरं काही नाही.

आता ज्यासाठी मुख्यतः पत्र लिहायला घेतलं ते. वारीत पायांची सेवा भरपूर होते. मालिश करणारे असतात, मशीन घेऊन येणारे असतात, गोळ्या-मलमं वाटणारे असतात, आणि हे सगळं मनापासून होतं. पण हे सगळं पाय बिघडल्यानंतरचं आहे. पाय बिघडण्याआधी त्याला वाचवणारा वारीत एकच माणूस असतो, चपला-बूट शिवणारे आपले चर्मकार बांधव. अनेक जण स्वतःच्या खर्चाने येतात, रस्त्याकडेला पोतं टाकून बसतात आणि वारकऱ्यांकडून पैसेसुद्धा घेत नाहीत. सासवडला आमच्या टेबलाशेजारी एक काका बसतात. मी त्यांचं काम तासन् तास बघितलंय. चप्पल हातात आली की आधी ते उलटी करून तळ बघतात, शिवायला नंतर घेतात. एका बाईंच्या चपलेचा डावा अंगठा तुटला होता, काकांनी तळ बघितला, डाव्या टाचेची बाहेरची कड झिजून तिरकी झालेली. म्हणाले, "माउली, पिशवी रोज डाव्याच खांद्यावर घेता का? उद्यापासून अर्धा दिवस उजव्यावर घ्या, नाहीतर हा अंगठा परत तुटणार आणि गुडघा पण धरणार." मग आरीने भोक पाडून मेण लावलेला दोरा ओढला, टाका आतल्या बाजूला उभा न ठेवता ठोकून सपाट केला, वरून बोट फिरवून बघितलं, कुठे टोचत नाही ना. शेवटी झिजलेल्या कडेला रबराची पातळ चकती लावून टाच सरळ केली. दहा मिनिटांत झालं. त्या बाई आमच्या रांगेत आल्याच नाहीत, येण्याची गरजच पडली नाही.

असे कारागीर प्रत्येक मुक्कामाला आणि दुपारच्या विसाव्याला असायला हवेत, आणि त्यांना ठरलेली जागा हवी. आत्ता काय होतं, पोलीस रस्ता मोकळा करायला लागले की सगळ्यात आधी पोतं टाकून बसलेला माणूस उठवला जातो. टँकरला जागा आखलेली असते, दवाखान्याला असते, शौचालयांना असते, ह्यांना नाही. पावसात त्यांच्यावर ताडपत्री नसते, रात्री दिवा नसतो, आणि खरं काम तर रात्रीच असतं. समाजकल्याण खात्याची गटई कामगारांना, म्हणजे रस्त्याकडेला चपला-बूट शिवणाऱ्यांना, पत्र्याचा स्टॉल द्यायची योजना आहे, संत रोहिदासांच्या नावाचं चर्मोद्योग महामंडळ आहे. ह्यांनी, जिल्हा परिषदांनी आणि पालखी सोहळ्याच्या व्यवस्थापनाने बसून ठरवलं तर दर मुक्कामाला एक मांडव, एक दिवा, दोरा-रबर-सोल्यूशनचा साठा आणि कारागिरांना रोजची मजुरी एवढं करणं काही अवघड नाही. सेवा म्हणून फुकट करायची ज्यांची इच्छा असेल ते करतीलच, पण तीन आठवडे धंदा बंद ठेवून येणाऱ्या माणसाने घरी काय पाठवायचं? आरोग्याच्या बजेटमधला हा खर्च आहे, दानधर्म नाही, असं बघायला हवं.

देणगी देणाऱ्यांनाही एक विनंती. चपलांची पोती भरून आणतात आणि हातात येईल ती जोडी देतात. माप न बघता दिलेली चप्पल म्हणजे उद्याचा फोड. आठ नंबरच्या पायात सहा नंबर कोंबून चाललेली माणसं आम्ही बघतो, कारण मिळालंय तर टाकायचं कसं. त्याऐवजी मोजे द्या, मायक्रोपोरच्या रिळी द्या, कोरडे पंचे द्या, दुरुस्तीचं सामान द्या. चपलाच द्यायच्या असतील तर पायाचं माप घेऊन आणि आळंदीला निघायच्या बऱ्याच आधी गावागावात द्या, म्हणजे पायात मुरतील. रस्त्यात तर देऊच नका.

पालखी मार्ग आता बराचसा काँक्रीटचा झालाय, रुंद झालाय, गाड्यांपासून सुटका झाली हे फार चांगलं झालं. पण काँक्रीट पायाला कठीण लागतं आणि उन्हात तापतं. कडेने मातीची पट्टी ठेवलेली असेल तिथे माणसं आपोआप मातीवर उतरतात, त्या पट्टीवरचे खडे, काचा आणि तारांचे तुकडे पालखी यायच्या आधी गावांनी वेचून काढावेत. काटेवाडीत तुकोबांच्या पालखीला धोतरांच्या पायघड्या घालतात, बाकीच्या गावांनी निदान काचा तरी उचलाव्यात.

संपादक महोदय, तुम्ही वेळापत्रकाच्या महिनाभर आधी पायांबद्दल एक अर्धं पान छापलंत तर त्याच्या झेरॉक्स काढून गावोगावच्या दिंडीप्रमुखांपर्यंत पोचवायचं काम आमच्या आळीतली मुलं करतील, त्यांनी तसं कबूल केलंय. फक्त अक्षर मोठं ठेवा आणि वाक्यं छोटी ठेवा, कारण दिंडीत एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. आणि आपल्या वाचकांमध्ये कुणी चपला-बूट शिवणारे असतील आणि सासवडला यायचं मनात असेल तर आमच्या टेबलाशेजारी ताडपत्री, दिवा आणि दोन वेळचं जेवण नक्की आहे.

आपली,
ड्रेसिंगच्या टेबलावरची एक वाचक,
सासवड, ता. पुरंदर